तानीनं नाव घेतलं

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आई दारात उभी राहून एकच वाक्य सारखी बोलत होती. "जातो म्हनू नको रं धाकू, येतो म्हन." मी वैतागून म्हटलं, "येतो." बाप अंगणात खराटा बांधत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "रेल्वेत चाललास, तर रुळासारखा सरळ ऱ्हा." त्यानं रूळ जन्मात एकदाच पाहिले होते, तेही लांबून. धाकटा भाऊ भिवा शेताच्या बांधापर्यंत आला आणि तिथंच थांबला. माझी बायको तानी डोक्यावर बोचकं घेऊन माझ्या मागून चालत होती. पाताळगंगा ओलांडताना तिनं वळून पाहिलं. मी पाहिलं नाही. खालापुराकडून कर्जत ते किती लांब, सकाळी निघालं की उन्हं कलायच्या आत पोचतो, त्यात रडायचं काय, असं मला वाटत होतं.

त्याला सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. आई गेली, बाप गेला. आणि ह्या चैत्रात तानी गेली.

भिवा, तिच्या मातीला तू आलास. सगळे पांगल्यावर तू मला विचारलंस, "दादा, तुमी दोघांनी त्या येशूत काय पाह्यलंत, की घरादाराला मुकलात?" मी म्हटलं, "चहा घे." बोलताना मला सुचत नाही आणि लिहायला मी चाळिशीत शिकलो, म्हणून हे लिहायला दोन महिने लागले. तुला वाचता येत नाही. तुझा जावई वाचून दाखवील. त्यानं मध्ये पदरचं काही घालू नये. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून कर्जत, कल्याण, मुंबईकडे गेले, ज्यांना घरच्यांनी हाच नाहीतर असलाच एखादा सवाल केला असेल, त्यांनीही वाचावं. त्यांच्याकडे माझ्याहून बरं उत्तर असलं, तर मला कळवावं. मला खरंच ऐकायचंय.

कर्जतला मी सांधेवाला झालो. गाडी कुठल्या रुळावर घालायची ते मोठा लोखंडी दांडा ओढून ठरवायचं, एवढंच काम. ड्यूटी, शंटिंग, सिग्नल असले शब्द तोंडात बसले. राहायला रेल्वेच्या चाळीत एक खोली. भिंती धुरानं काळ्या. तानी पहिल्याच दिवशी मडकं घेऊन नळावर गेली आणि बाजूला उभी राहिली. आपल्या गावात आपली घरं गावकुसाबाहेर. विहिरीला आपण हात लावायचा नाही. बायांनी लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. तानी तशीच उभी. एका गोवेकर ड्रायव्हरची बायको तिला म्हणाली, "बगतेस काय? भर मगो." तानीनं मडकं भरलं. घरी आणून रिकामं केलं. परत जाऊन भरलं. असं तीनदा. मी म्हटलं, "पाणी कशाला सांडतेस?" ती म्हणाली, "बगत व्हते. खरंच कोन काय बोलत नाय."

चाळीत सगळंच मोकळं होतं असं नाही. आम्हाला टाळणारी घरं तिथंही होती. पण नळ कोणाला जात विचारत नव्हता, एवढा फरक.

दुसऱ्या वर्षी रूथबाई यायला लागली. नगरकडची विधवा. पांढरं लुगडं, काळी छत्री, काखेत पिशवी. मिशनकडून घरोघर जाऊन बायांना गोष्टी सांगायची, लिहायला शिकवायची. आमच्या खोलीत ती जमिनीवर बसली आणि तानीनं दिलेलं पाणी घटाघटा प्यायली. तानीला तेवढ्यानंच ती आवडली. मला नाही आवडली. फार बोलायची.

एकदा मी ड्यूटीवरून आलो तर तानी भाकरी थापायची सोडून विचार करत बसलेली. मला म्हणाली, "अवो, तुमी कधी ऐकलंय का, नवरदेवानं वऱ्हाडाचे पाय धुतले?"

मी म्हटलं, "कुठल्या गावात?"

"रूथबाय सांगत व्हती. त्यो येशू त्यांचा, नवरदेव म्हनत्यात त्याला. जेवन चाललेलं, त्यो उठला, कंबरंला फडका बांधला आनि आपल्याच मान्सांचे पाय धुतले. उद्या त्याला मारनार व्हते, तरीबी."

आपल्याकडे लग्नात मुलीच्या बापानं नवऱ्याचे पाय धुवायचे. माझे तिच्या बापानं धुतले होते, आणि मी पाटावर साहेबासारखा बसलो होतो. तानी म्हणाली, "उलटंच लगीन हाय हे," आणि हसली. आठवडाभर ती मध्येच हसायची. त्या हसण्याची मला काळजी वाटायला लागली.

मग रूथबाईनं तिला पुढचं सांगितलं. येशू हा नवरा, तर त्याच्यावर विश्वास ठेवणारे सगळे त्याची नवरी. हे ऐकल्यावर मी तडक बाईला गाठलं. ती फाटकापाशी गाडी जायची वाट बघत उभी होती. मी म्हटलं, "बाई, ती माझी बायको हाय. दुसऱ्याची नवरी कशी व्हईल?"

"तुम्ही बी त्याचीच नवरी, दादा."

"मला मिशा हायेत."

"मिशांसकट," ती म्हणाली. गाडी गेली, फाटक उघडलं, ती छत्री टेकत निघून गेली.

मी मोठा धर्मवाला नव्हतो. गावाला आपण म्हसोबाला नारळ फोडायचो तेवढंच. पण मला नवल वाटायचं. ज्याला पाहिलं नाही, ज्याचा आवाज ऐकला नाही, जो आपल्या जातीचा नाही, मुलखाचा नाही, अशा माणसावर बाई जीव कसा लावते? आम्हाला मूल राहिलं नव्हतं. एक मुलगी झाली होती ती गावालाच सहा महिन्यांची गेली. कधी वाटायचं, ती माया कुठंतरी ठेवायला हवी म्हणून तानीनं तिथं ठेवली. तिला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पोरीची जागा पोरीला हाय. ही येगळी."

"वेगळी म्हणजे कशी?"

"तुमी सांधा वडता तवा कसं कळतं, बसला म्हनून?"

"हाताला कळतं."

"तसं," ती म्हणाली.

बाप्तिस्म्याआधी प्रत्येकाला सगळ्यांसमोर सवाल करायचे अशी पाळकांची रीत होती. पाळक म्हणजे त्यांचे पुजारी म्हण. हेही नगरकडचेच, उंच, करड्या मिशांचे, कडक. स्टेशनापलीकडे कौलारू खोलीत दर रविवारी उपासना व्हायची. मी आत जायचो नाही. दाराबाहेर चपला राखत बसायचो आणि ऐकायचो. पाळकांनी तानीला विचारलं, "तुम्ही कोणावर विश्वास ठेवता?"

तानी म्हणाली, "त्यांच्यावर."

"त्यांच्यावर म्हणजे कोणावर? नाव सांगा."

तानी गप्प. खाली मान. पाळकांनी परत विचारलं. परत गप्प. ते म्हणाले, "अजून शिकावं लागेल तुम्हाला. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षीही हेच झालं. आत चुळबूळ. बाया हसायला लागल्या. चाळीत एक मोठ्या तोंडाची शेजारीण होती, ती नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं, देवाचं नाव तरी पाठ कर. दोन वर्सं झाली." तानीनं मडकं उचललं आणि आली. रडली नाही. पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं होतं. मला वाटलं, तिचं मन मागे येतंय. आता गावाला जाता येईल, बापासमोर मान वर करून बसता येईल. तानी तर बाप्तिस्म्यासाठी झुरत होती. तिला त्याची व्हायचं होतं, चारचौघांत, रीतसर. आणि एका नावापाशी अडत होतं. हे कोडं मला सुटेना. जी बाई रूथबाईच्या दोनशे गोष्टी तोंडपाठ सांगते, तिला एक नाव का येऊ नये?

एका सुट्टीच्या दिवशी ती सुपात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "नाव काय एवढं अवघड हाय? दोन अक्षरं तर हायेत."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "तुमचंबी दोनच हायेत. घेतलं का मी कधी?"

मग मला कळलं. रूथबाईनं सांगितलं तो नवरा. तानीनं ते जसंच्या तसं धरलं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे ती आईच्या दुधाबरोबर प्यायलेली. मला ती उभ्या जन्मात "अवो" म्हणायची. लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर बायांनी अडवलं तेव्हा एकदा उखाण्यात माझं नाव घेतलं होतं. उखाण्यातलं नाव गुंडाळलेलं असतं, त्याला वारा लागत नाही, असं ती म्हणायची. उघडं नाव कधी नाही. आणि हे पाळक तिला भरसभेत म्हणत होते, उघडं नाव घे.

मी म्हटलं, "अगं, पण तो देव ना?"

ती म्हणाली, "म्हनून काय झालं? तेतिसाव्या वर्सात मारला त्याला. त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत. आधीच एवढंसं आयुष्य, त्यात मी आनखी कमी करू?"

मी हसलो. मग हसू थांबलं, कारण ती हसत नव्हती. खड्यांबरोबर ती तांदूळही वेचून टाकत होती. ती दोन वर्षं बायांचे टोमणे खात होती, पाळकांचं बोलणं खात होती, आणि हे सगळं त्याचं आयुष्य राखायला.

मला वाद घालायची खोड आहे, तुला माहीत आहे. मी विश्वास ठेवणारा नव्हतो, नुसता वादासाठी बोललो. म्हटलं, "येडे, तुझी रूथबाईच सांगते ना की त्याला पुरला आणि तिसऱ्या दिवशी तो उठला? मग जो मरून उठला त्याचं आयुष्य तू कसलं कमी करणार? त्याचं आता सरतंय कुठं?"

तानीचा हात थांबला. "काय म्हनालात?"

"त्याचं सरत नाय. असं ते लोक म्हणतात. मी नाय म्हणत."

"सरत नाय," ती म्हणाली. सूप बाजूला सारून ती दारात जाऊन उभी राहिली. बराच वेळ. कोळशाची मालगाडी गेली, धूर खोलीत आला, तरी तिनं दार लावलं नाही. परत आली तेव्हा मला म्हणाली, "दोन वर्सं रूथबाय सांगती त्ये मला कळलं नव्हतं. तुमी सांगितल्यावर कळलं."

मी कपाळावर हात मारला. जे नको होतं ते माझ्याच तोंडानं झालं.

तिसऱ्या वर्षी पाळकांनी विचारलं, "कोणावर विश्वास ठेवता?" मी दारात चपलांपाशी. तानी उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि नव्या नवरीनं उंबऱ्यावर घ्यावं तसं तिनं नाव घेतलं:

"राब भाजला, राखेतनं आलं भाताचं रोप,
येशूचं नाव घेते, भीतीला देते निरोप."

बायांमध्ये हशा पिकला, मग तो हशाच थांबला. राब भाजणं त्या सगळ्यांनी केलेलं. शेतावर पालापाचोळा, फांद्या जाळायच्या, काळी राख करायची आणि त्या राखेतच भात पेरायचं. पाहणाऱ्याला वाटतं, शेत मेलं. पाळक नगरकडचे, त्यांना आधी बायांनी राब समजावून सांगितला. ऐकून ते तानीकडे वळले. मग म्हणाले, "परत म्हणा."

तानी म्हणाली, "एकदाच घेत्यात."

उल्हास नदीत तिचा बाप्तिस्मा झाला. मी काठावर तिचं कोरडं लुगडं धरून उभा होतो. येताना रुळांच्या कडेनं चालताना मी खडी लाथाडत होतो. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "चाळीस माणसांत त्याचं नाव घेतलंस. वीस वर्षांत माझं घेतलंस का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुमचं नाय घेनार. तुमी मेलात तर उठनार हाव का तिसऱ्या दिवशी?"

मी ओल्या लुगड्याचं बोचकं काखेत मारलं आणि पुढं चालायला लागलो.

बापाच्या आजारपणात आम्ही दोघं गावी आलो, ते भिवा, तुला आठवत असेल. बाप ओटीवर पडला होता. त्याला कळलं होतं सगळं. मला म्हणाला, "तुजा त्यो देव जेवाया घालतो का?" मी म्हटलं, "नाय. जेवायला रेल्वे घालते." "मंग दुखनं बरं करतो?" "नाय. निदान आमचं तरी केलं नाय." "मंग करतो काय?" तानी त्याच्या पायांना तेल लावत होती. खालच्या मानेनं म्हणाली, "सोबत करतो, मामंजी."

बापानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "सोबत. मंग ठीक हाय."

आणि भिवा, राग धरू नको, पण लिहायला बसलोय तर लिहितो. त्याच दिवशी तू, आम्ही बाटलो म्हणून, आमच्यासाठी वेगळा तांब्या ठेवलास. सगळ्यांचा मडक्यावर होता, आमचा बाहेर कुडाला टेकून. जन्मभर लोकांनी आपल्याला वरून पाणी ओतलं, आणि आता तू मला वरून ओतलंस. मला मारायला धावावंसं वाटलं. तानीनं ओंजळ केली, पाणी प्यायली आणि तुला म्हणाली, "भावजी, गोड हाय पानी. हिरीचं का?" येताना वाटेत मी तिला विचारलं, तुला राग कसा येत नाही? ती म्हणाली, "येतो की. पन त्यो बगत असतो." मी म्हटलं, "म्हणजे भीती वाटते." ती म्हणाली, "भ्या नाय वो. तुमी बगत असलात तवा मी भाकर करपू देते का? तसं."

मी बाप्तिस्मा घेतला तो तिच्यानंतर सात वर्षांनी. का घेतला हे खरं सांगू? दाराबाहेर चपला राखून कंटाळलो. ती आत, मी बाहेर. आत काय आहे ते एकदा बघू तरी, म्हटलं. पाळक म्हणाले, पुष्कळजण नवं नाव घेतात, तुम्हाला हवं का? मी म्हटलं, "जुनंच राहू दे. बायकोनं अजून वापरलेलं नाय, कोरंच हाय." पाळकांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आत गेलो खरा, पण तानीचं जसं होतं तसं माझं झालं नाही. मी नुसते सवाल करायचो. पाळक एकदा सांगत होते, घाटात गाडीला मागून इंजन लावतात, पुढच्या डब्यातल्याला ते दिसत नाही पण चढवतं तेच, ख्रिस्त तसा आहे. मी उठून म्हटलं, "साहेब, ते इंजन घाट चढला की वर सुटतं आणि कर्जतला परत येतं. मी रोज बघतो. हा सुटतो का?" पाळक म्हणाले, "नाही सुटत." मी म्हटलं, "मग इंजनासारखा नाय." ते म्हणाले, "नाही, धाकू. इंजनासारखा नाही." सरळ माणूस. चूक कबूल करायचा. आता तर घाटात विजेची इंजनं धावतात, धूर नाही, राख नाही. तो दाखलाही जुना झाला.

तानी मला म्हणायची, "तुमी पान्यात उतरलात, पन अजून काठावरच हाव. त्याच्या घरात पाव्हन्यासारखे बसता. पाट देतील तवा बसनार, वाढतील तवा जेवनार." मी म्हणायचो, "मग आता तरी माझं नाव घे. मीबी उठनार आहे म्हणे, शेवटच्या दिवशी." ती मान हलवायची. "तुमचं अजून पक्कं नाय. तुमचं आयुष्य मीच राखते." हा आमचा विनोद झाला होता. चाळीत कोणी आलं, "बाबा कुठायत" विचारलं, तर ती "सांध्यावर" म्हणायची. रेशमासारखी जपायची ती दोन अक्षरं. आईबाप गेल्यावर मला नावानं हाक मारणारं असं पाळकांशिवाय कोणी उरलंच नाही. चाळीला मी सांधेवाले बाबा, तुला मी दादा.

फाल्गुनात तिच्या पायांवर सूज आली. मग पोटावर. रेल्वेच्या डॉक्टरनं पाहिलं, औषध दिलं, आणि बाहेर येऊन माझ्याशी फार हळू बोलला, तेव्हाच मला कळलं. रूथबाई आता म्हातारी, काठी टेकत यायची. दोघी बोलायच्या. मी चुलीपाशी बसून ऐकायचो. मरणावर बोलताहेत की पेरणीवर, ते कळायचं नाही, इतकं साधं बोलणं. मला भीती वाटत होती ती वेगळीच. मला वाटत होतं, ही त्याच्याकडे चालली तर खुशीत जाईल. लग्नाला निघावं तशी. आणि मी मागे राहणार, काठावर, कोरडं लुगडं धरून. सगळा जन्म जिच्याबरोबर काढला तिच्या मनात मी दुसरा आहे की काय, हे मला विचारायचं होतं. विचारायच्या ऐवजी मी चुलीत लाकूड सारायचो.

एका दुपारी मी तिला पेज पाजत होतो. दोन घोट घेतले, तिसरा नको म्हणाली. मी वाटी ठेवायला वळलो. मागून आवाज आला, "धाकू."

मी दाराकडे पाहिलं. कोण आलं म्हणून. दारात कोणी नव्हतं. वळलो तर तानी माझ्याकडे बघत होती.

उखाणा नाही, काही गुंडाळलेलं नाही. उघडी दोन अक्षरं. माझ्या हातातली वाटी पडली. मी वेड्यासारखं म्हटलं, "अगं, काय केलंस हे? माझं आयुष्य कमी केलंस."

ती हसली. तेच जुनं हसू, पाय धुतल्याची गोष्ट ऐकून हसली होती तसं. म्हणाली, "आता मी नाय राखत तुमाला. त्याच्याकडं दिलं. त्यो राखील."

"मी अजून काठावरच आहे ना?"

"मी सांगितलंय त्याला," ती म्हणाली. "येवढा काठावरनं वडून घे म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तर भिवा, आम्ही त्याच्यात काय पाहिलं? तानीनं काय पाहिलं ते मला पुरतं कळलं नाही, आणि मी उगाच कळलं म्हणणार नाही. मी त्याला पाहिलेलं नाही. मी तानीला पाहिलं. शेजारणीला ती मीठसुद्धा विश्वासानं देत नव्हती, वाटी परत येईल का म्हणून दारात उभी राहायची. अशा बाईनं चाळीस वर्षं तोंडात जपलेलं माझं आयुष्य त्याच्या हवाली केलं आणि निवांत डोळे मिटले. म्हणजे तो माणूस खात्रीचा असणार. माझी अक्कल एवढीच. आणि ज्याच्यावर मी जन्मभर जळलो, त्याच्याचकडे तिनं माझ्यासाठी शब्द टाकला. मी दुसरा होतो का, हा सवाल मग मी सोडून दिला.

तू मातीला आलास तेव्हाचं एक सांगतो. तुझ्या ध्यानात नसेल. ऊन होतं, तू चालत आलेला. खोलीत शिरलास आणि सरळ कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेलास. त्यावरचा तांब्या घेतलास, बुडवलास, तोंडाला लावून प्यायलास. मग दुसरा बुडवलास. तानीचं मडकं, तानीचा तांब्या. मी बघत होतो. बोललो नाही, कारण बोललो असतो तर तुला आठवलं असतं.

आई म्हणायची जातो म्हणू नये. सव्वीस वर्षं मी ड्यूटीवर निघताना तानीला "येतो" म्हणायचो. आता नोकरी सुटली, खोलीही पुढच्या महिन्यात सोडायची आहे. पाळकांनी उपासनेच्या खोलीमागे पडवी देऊ केलीय. तू म्हणालास, गावी चल, म्हातारपणी घरी ये. मी विचार केला. गावचं घर आता तुझं आहे, ही खोली रेल्वेची, पडवी मिशनची. माझं असं त्यात एकही नाही, आणि नवल म्हणजे त्याचं मला दुःखही होत नाही. तानी असेपर्यंत ती जिथं चूल मांडील ते घर होतं. ती पुढं गेलीय चूल मांडायला. दरवेळी मी पुढं चालायचो आणि ती मागून यायची, ह्यावेळी उलटं झालं. उलटंच लगीन, तिच्याच भाषेत.

रूथबाई सांगते, तो आपल्या मेंढरांना एकेकाला नावानं हाक मारतो. मी तिला विचारलं, मला कुठल्या नावानं मारील? ती म्हणाली, तुमच्या. मला आता त्याचीच उत्सुकता आहे. आवाज कसा असेल? नगरकडचा, का आपल्याकडचा? ते दोन अक्षरांचं नाव, तो उघडंच घेईल, त्याला कशाची भीती. आणि मला ते ओळखू येईल, कारण तसं घेतलेलं मी एकदा ऐकलंय.

तोवर तू ये. दिवाळीनंतर ये, वाट कोरडी असते. पडवीत मडकं एकच असणार आहे आणि तांब्याही एकच.